उशीखालचं झबलं

वहिनी,

चोर सापडला. धुवायच्या बादलीतून माझ्या बाळाचं रोज एक झबलं गायब व्हायचं आणि दुसऱ्या दिवशी धुऊन, घडी घालून परत यायचं. लोकांचे नवरे रंगेहाथ पकडणारी मी डिटेक्टिव्ह, पण बाळंतपणानंतर डोक्याचा पार भुगा झालाय. आठवडाभर आईवर संशय घेतला आणि बोलणी खाल्ली.

आज चादर बदलताना तुझ्या उशीखाली दुधाचा वास येणारं झबलं दिसलं.

तुझं बाळ गेल्यापासून या घरात कुणी त्याचा विषयच काढला नाही. मीसुद्धा नाही. चुकलंच माझं.

कामावर निघालेय, सहापर्यंत येते. पाळणा तुझ्या खोलीत हलवलाय, तू येईपर्यंत आई जवळ बसलीये. आजचं झबलं आतल्या बाळासकट ठेवलंय.