पंपरूममधला डबा

३ मार्च, सोमवार
उद्या दिवा गावात इतिहास घडणार, म्हणून आजपासून रोजनिशी. पंचवीस वर्षं केबलचा धंदा, सगळं डोकं, म्हणजे सिग्नलची मशिनरी, कोपरीच्या कंट्रोल रूममध्ये. आता नवीन आर्किटेक्चर. डोक्याचे वाटे करायचे आणि एकेका डब्यात घालून बिल्डिंगपाशी बसवायचे. डब्यापर्यंत फायबर, पुढे घरोघरी आपली जुनीच वायर. नेटचा स्पीड दसपट. बाकीच्या बिल्डिंगी फायबरवाल्या कंपनीने पळवल्या. उरली ही एकच, चौसष्ट घरांची. ही गेली तर मी घरी बसलो. पण जात नाही.

४ मार्च
डबा बसला. जागा मीच निवडली, सोसायटीची पंपरूम. भिंत कोरडी, दाराला कुलूप, पंपाच्या बोर्डावर पॉइंट तयार. पंप बघणारे भिवाजीकाका आमच्या गावचे, चहावर काम झालं. टेस्टिंग झकास. मालनने विचारलं, पंपाच्या लायनीवर कशाला घेतलंत? बायकोला टेक्निकल किती सांगणार. बॅटरी बॅकअप पुढच्या फेजमध्ये.

५ मार्च, सकाळी ११
अठरा फोन. नेट नाही. लोकांचे मोडेम जुने.

७ मार्च
सेक्रेटरी रसिका मॅडमचं ऑफिस घरूनच चालतं, त्या चिडलेल्या. स्वतः गेलो. काकांनी कुलूप काढलं, खटका वर केला, लाइट लागला. डबा एकदम ओके. पाच मिनिटांत नेट चालू. मॅडमना म्हटलं, बघा, काहीच प्रॉब्लेम नाही. डोंबिवलीला घरी पोचतोय तोच परत फोन. लोकांना तक्रारीची सवय लागली आहे.

१० मार्च
शोध लागला. नेट सकाळी पाच पन्नास ते सहा पस्तीस उत्तम चालतं. म्हणजे डब्याला ऊन सोसत नाही. पंखा बसवायचा.

१३ मार्च
पंखा बसवला. तोही बंद. दमलो. मालन म्हणाली, भिवाजीकाकांना विचारा. विचारलं.
"अरे, टाकी भरली की मी मेन खटकाच पाडतो. मागे मोटर जळाली ना, तेव्हापासून. तुझा डबा त्याच्यावरच हाय, मला वाटलं तुला माहीत असंल."
लाज वाटली. मालनला सांगितलं, उंदराने फायबर कुरतडली. रविवारी सोसायटीची मीटिंग आहे, वेगळी लाइन मागून घेतो. भाषण तयार, बारा मिनिटांचं.

१६ मार्च, रविवार
भाषण झालं नाही. चौसष्टच्या चौसष्ट घरांनी फायबरवाल्यांचे फॉर्म भरलेले. म्हटलं, ठीक आहे, डबा काढून नेतो. तेव्हा रसिका मॅडम उठल्या.
"डबा राहू द्या ना दादा. सकाळी तुमच्या मोडेमचा हिरवा दिवा लागला की आम्हाला कळतं, पाणी आलं."
सगळ्यांनी माना डोलावल्या. डबा ठेवला.
घरी मालनला सांगितलं, चौसष्टही घरांना आपला डबा हवाच आहे.
ती म्हणाली, हो, पाण्यासाठी. भिवाजीकाकांचा फोन आधीच येऊन गेलेला.