बंदुकीतला वायसर

बाबा, तुझी ती छऱ्याची बंदूक मी उघडली. गेल्या महिन्यात गावी गेलो होतो तेव्हा, काकाच्या गच्चीवर. तू गेल्यापासून सात वर्षं ती माळ्यावर पडून होती. जुन्या बाजारातून स्वस्तात आणलीस आणि सगळ्यांना सांगत सुटलास, शिकारीची आहे, रानडुक्कर लोळवते. आई म्हणाली, "हो, हसून हसून लोळेल." डिसेंबरच्या सुट्टीत आपण गावी आलो होतो, मी नऊ वर्षांचा. तू सगळे भाग खोलून पेपरवर मांडलेस, लाकडी दस्ता घासून मऊ केलास आणि मला म्हणालास, "आतून तेल लाव." कुठलं ते नाही सांगितलंस. मी फळीवरचं खोबरेल घेतलं. सिंगापूरला बुकित पंजांगच्या आपल्या फ्लॅटमध्ये खोबरेल गोठलेलं मी कधी पाहिलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात थंडी, काका, त्याचे मित्र, चुलतभाऊ सगळे उभे. तू ऐटीत नेम धरतोस, चाप ओढतोस, आणि छरा तुझ्याच चपलेपाशी पडतो. तू बंदूक उघडतोस, बोटाला पांढरा गोळा लागतो, आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणतोस, "बघा आमचे सिंगापूरचे साहेब! बंदुकीला चंपी करतात!" सगळे हसतात. मग हळूच, फक्त मला, "परत कशाला हात लावू नकोस. तुझ्याच्यानं नाही होत." मी खरंच नाही लावला. शाळेत प्रॅक्टिकलला मागेच उभा राहायचो. पुढच्या वर्षी तू गेलास, ते वाक्य तेवढं राहिलं. सेक थ्रीनंतर, म्हणजे नववीनंतर, शाळाच सोडली. आई अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

आता ब्लॉकखालच्या सायकलच्या दुकानात काम करतो. तिथल्या चायनीज अंकलनी एकदा पंप खोलून दाखवला. आत चामड्याचा वाटीसारखा वायसर असतो, वाटीचं तोंड हवेकडे लागतं. "राँग साइड, नो एअर लाह." तुझ्या बंदुकीतही तसाच वायसर आहे, बाबा. आणि तो उलटा होता. तेल मी लावलं, पण वायसर तू बसवला होतास. त्याच दुपारी तू सगळं तेल पुसून परत बार काढून पाहिलास, तरी छरा पायाशीच पडला, मग बंदूक माळ्यावर टाकलीस. म्हणजे दोष तेलाचा नाही एवढं तर तुला तेव्हाच कळलं. मला सांगायला आला नाहीस. मी आतल्या खोलीतच बसलो होतो, खिडकीतून सगळं बघत.

वायसर सुलटा केला, गंज काढला, दस्त्याला जवसाचं तेल चोळलं. दोन दिवस गेले. पहिल्याच बाराला कठड्यावरचा डबा उडाला, सगळे वर धावत आले. काका म्हणाला, "अरे वा! काय बिघडलं होतं रे हिचं एवढी वर्षं?" मी म्हणालो, "काही नाही, माझंच तेल." परत तसेच हसले सगळे.

हे लिहिलेलं मी आईलाही दाखवणार नाही. आणि मी तुला सांभाळून घेतलं असं समजू नकोस. एवढ्या लोकांसमोर चार वाक्यं बोलायची माझी हिंमत झाली नाही, इतकंच.