बाबांचा अँप्लिफायर पुण्याला गेला

८ फेब्रुवारी
प्रदीपदादाचा नागपूरहून फोन. म्हणाला, विकलं. काय विकलं? तर बाबांचं साउंड. अँप्लिफायर आणि रेकॉर्ड प्लेअर. पुण्यातल्या कोणीतरी घेतलं. दिवाळीत फोटो काढून नेले होते दादानं. मला वाटलं, आठवण म्हणून.
समोरची खोली रिकामी करून मेडिकलवाल्याला भाड्यानं द्यायची, हेही आजच कळलं. मोहाडीत बाबांजवळ राहते मी, आणि घरातलं मला नागपूरहून कळतं.
"बाबांले विचारलं?"
"विचारलं. हो म्हणाले."
"अन् मले?"
"तुले काय विचारायचं त्यात? तुले पॅक करायचं हाये फक्त. तुह्या हातानं नीट होते."


९ फेब्रु.
बाबा खरंच हो म्हणाले आहेत. "प्रदीप म्हणे, माणूस दर्दी हाये. जुन्या रेकॉर्डी जमा करते, बसून आयकते. इथं धूळ खाऊन राहिलं. तिथं वाजंल तरी." चेहरा कित्येक दिवसांनी मोकळा दिसला. मग मी काय बोलणार.
या दोन पेट्यांवर आमचं घर चाललं. लग्नं, बारशी, दिवाळीनंतरची मंडईची जत्रा, चौदा एप्रिल. डीजे आले आणि एकेक बोलावणं बंद झालं. आता तर बाबांचे हात इतके थरथरतात की पेचकस स्क्रूच्या खाचेत बसत नाही.

१२ फेब्रु.
सुट्टी. काम सुरू. बाबा खुर्चीवर, मी खाली. आधी चालू करून पाहिलं. व्हॉल्व, म्हणजे आतल्या काचेच्या नळ्या, तापायला वेळ घेतात. मग काचेत नारिंगी उजेड, मग ती बारीक घुमघुम. रेकॉर्ड लावू का विचारलं. नको म्हणाले. "वाजते, एवढंच पाह्याचं होतं."
थंड होईस्तोवर हात लावू दिला नाही. मग व्हॉल्व काढले. काच धरायची नाही, बुडाशी धरून हळू सरळ वर. प्रत्येकावर नंबरची पट्टी, तोच नंबर त्याच्या खाचेपाशी. जागच्या जागी ठेवून पाठवलं तर एका धक्क्यात निखळतात आणि आत काचा काचा.
आई असती तर तिनं हे होऊच दिलं नसतं. की तिनंच आधी विकलं असतं? "मेला भोंगा" म्हणायची.

१३ फेब्रु.
तणशीवरून, म्हणजे भाताच्या पेंढ्यावरून, भांडण. बाबा म्हणतात, खोक्यात धानाची तणस भर. "बैलबंडीत घालून लाखांदूरपर्यंत नेलं, एक व्हॉल्व नाही फुटला."
"तेव्हा तुमी मांडीवर घेऊन बसत होते, बाबा. पुण्यापर्यंत कोण मांडीवर घेईल?"
तणस ओल धरते. शिवाय दबते. ट्रान्सफॉर्मरच्या वजनानं पेटी खाली बसेल, वर पोकळी, की झाली आपटायला मोकळी. थर्माकोलचे दाणेही त्याच कारणानं नकोत. मोबाइलवर दाखवायला गेले तर तोंड फिरवलं. "तू शिकवशील आता मले."
संध्याकाळी आपणहून म्हणाले, स्पंजच घे. गादीवाल्याकडं जाडवाला मिळते.

१५ फेब्रु.
रेकॉर्ड प्लेअर. तबकडी उचलून वेगळी केली, तिच्या वजनानं मधला दांडा वाकतो. सुईला टोपी. मग सुईचा दांडा त्याच्या टेकूला बांधायचा होता, मऊ दोरीनं, ताण न देता.
"आण, मी बांधतो."
दिलं. दोन्ही हात थरथरत. दोरी सुटे, पुन्हा घेत. दांडा एकदा जोरात आपटला तेव्हा त्यांनीच हात मागं घेतला. "बांध तू." आणि उठून अंगणात गेले. किती वेळ नळाखाली हात धूत होते. हाताला काहीच लागलं नव्हतं.

१८ फेब्रु.
लिहू की नको.
पत्ता नीट विचारायला पुण्याला फोन केला. खोकं जड आहे, उतरवायला दोन माणसं ठेवा, हेही सांगायचं होतं. मुलगा तरुण वाटला. फार गोड बोलला.
"मॅडम, त्या ट्यूब्ज पाठवूच नका. फुटल्या तर उगाच कचरा. आत आम्ही एलईडी टाकणार आहोत."
मी म्हटलं, एलईडीनं कसा वाजेल?
"वाजवायचा नाहीये. कॅफे आहे माझा. भिंतीवर लावायचाय. तो आतला ट्रान्सफॉर्मर काढता आला तर तोही काढा ना, तेवढंच वजन कमी."
हो हो म्हणत राहिले. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, पत्ता घ्यायचा राहिला. तो त्यानं मागून मेसेज केला. खाली हात जोडल्याचं चित्र.

लगेच दादाला फोन.
"मले माहीत होतं," तो म्हणाला. एवढ्या सहज!
"मंग बाबांले दर्दी-बिर्दी काहून सांगतलं?"
"खरं सांगतलं असतं तं दिलं असतं का त्यांनी? सडत पडलं असतं. तू बी सांगू नको. बीपी हाये त्यांचं."
बीपीच्या गोळ्या आणते मी, रोज देते मी. बीपी आठवतं त्याला.

१९ फेब्रु.
सांगायचं म्हणून सकाळी चहा घेऊन गेले. बाबा रेकॉर्डी पुसत बसले होते. त्यातल्या दोन बाजूला काढल्या. म्हणाले, "ह्या बी टाक त्यात. त्याच्याजवळ नसतील ह्या." चहा ठेवून आले.

२१ फेब्रु.
बांधलं.
दादा म्हणतो, डबाच तर आहे आता, टाक एका खोक्यात. मी तसं केलं नाही. ट्रान्सफॉर्मर काढला नाही. अँप्लिफायर प्लायवूडच्या पाटावर बोल्टनं कसला. प्लास्टिकची पिशवी, ओल शोषणाऱ्या पुड्या, चारी बाजूंनी स्पंज, खोकं. मग त्याहून मोठं खोकं, मधल्या फटीत पुन्हा स्पंज. रेकॉर्ड प्लेअरचं तसंच, तबकडी वेगळ्या खोक्यात. रेकॉर्डी आडव्या नाही, उभ्या. जिवंत माणूस पाठवावा तसं बांधलं. कोणावर राग काढत होते कोण जाणे.
व्हॉल्व माझ्या कपाटात, जुन्या साडीत.
"व्हॉल्व अलग बांधले ना?" बाबांनी विचारलं.
"हो, बाबा."
बांधले तर अलगच.
शेवटी खोकं हलवून पाहिलं, बाबांनी कान लावला. आत काही हललं नाही. "पास," म्हणाले.

२३ फेब्रु.
अर्धी रजा टाकून भंडाऱ्याला, ट्रान्सपोर्टवाल्याकडं. चारी बाजूंनी बाण काढून "हा भाग वर" लिहिलं होतं. हमालानं पाहिलं आणि आडवं टाकलं.
"भाऊ, बाण दिसत नाही का?"
"काय हाये बाई यात, सोनं?"
उभं करून घेतलं. त्यावर सिमेंटची पोती चढत होती, तीही काढायला लावली. बाकीचे हमाल हसत होते. परतीच्या एसटीत रडू आलं. शेजारच्या बाईनं विचारलं, कोणी गेलं का? नाही म्हटलं.

२ मार्च
पोचलं. पुण्याचा मेसेज: एकही ओरखडा नाही, कमाल पॅकिंग.
बाबांनी पेढे आणायला लावले. शेजारी सांगत होते, "पोरीनं बांधलं. पुण्यापर्यंत गेलं, काही झालं नाही." मी घरात भांडी घासत राहिले. घासलेलीच.

७ मार्च
रोज एकच. "लावला का त्यानं?" आज म्हटलं, हो, लावला.
"काय लावलं?"
"तुमी दिलेल्या रेकॉर्डी."
"घुमघुम येते म्हणे का? येत असंल तं अर्थिंग पाह्य म्हणा."
इतके दिवस नुसतं सांगितलं नव्हतं. आज खोटं बोलले. आणि ते जमलंही चांगलं.

१५ मार्च
ऑफिसातून आले तर बाबा ओसरीत. दिवा लावला नव्हता. मी लावला.
"पुण्याच्या पोराशी बोललो आज. प्रदीपकडून नंबर घेतला."
दादानं नंबर दिला! इतकं रचलं आणि नंबर देऊन मोकळा. विसरला असेल. त्याच्यासाठी तो एक नंबरच.
मी पदराशी चाळा करत उभी.
"मी त्याले अर्थिंगचं सांगत होतो. तो म्हणे, काका, त्यात लाईट लावले, भारी दिसते. लोकं फोटो काढतात म्हणे." मग म्हणाले, "चांगला पोरगा हाये. विचारलं तं सरळ सांगतलं त्यानं."
शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

१६ मार्च
कपाटातले व्हॉल्व नेऊन त्यांच्यापुढं ठेवले. साडी उघडून पाहिली, नंबरच्या पट्ट्या पाहिल्या, पुन्हा गुंडाळली. "ठेव तिथंच." दादाशी फोनवर नेहमीसारखं बोलतात. बरा हाय, जेवलो, पोरं कशी हायेत. माझ्याशीही नेहमीसारखंच. गोळी दिली की घेतात. फक्त काही विचारत नाहीत. पाऊस येईल का, बाजारात वांगी कशी होती, ऑफिसात साहेब कोण आला, काहीच नाही.

२४ मार्च
दादा म्हणतो, कॅफेवाल्याला ओसरीत टांगलेले बाबांचे भोंगे पण पाहिजेत. दोन्ही. त्यात बल्ब टाकून दिवे करणार.
"या वेळी तू सांग बाबांले," मी म्हटलं. "तूच सांग. खरं ते."
"त्यांले तं माहीतच हाये आता. मंग काय प्रॉब्लेम?"
प्रॉब्लेम. मी फोन ठेवला. मी बांधून देणार नाही, हे सांगायचं राहून गेलं. नेहमी असंच होतं.

३० मार्च
दादा टेम्पो घेऊनच आला. आल्या आल्या भोंगे खुंटीवरून काढून अंगणात ठेवले. सोबत पुठ्ठे, चिकटपट्टी. माझ्या हातात द्यायला लागला. मी घेतली नाही.
"मी नाही बांधत."
"मंग मी बांधतो. त्यात काय हाये? भोंगे तं पत्र्याचे."
"भोंग्याले पोचा आला की आवाज गेला. बांध, बांधून पाह्य."
आवाज चढले. शेजारची सून भिंतीवरून पाहत होती. तो म्हणाला, तू इथं आयती राहते, खोलीचं भाडं आलं तर तुलाच होईल. मी म्हटलं, आयती? मग जे बोलायचं नव्हतं तेही बोलले. आईच्या शेवटच्या दुखण्यात तो किती वेळा आला होता, ते. मला बरं वाटलं, आणि लगेच वाटेनासं झालं.
बाबा ओसरीत बसून सगळं ऐकत होते. दादा त्यांच्यापाशी गेला, खाली उकिडवा बसला. "बाबा, तुमीच सांगा. द्यायचे का नाही?"
बाबांनी त्याच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. राग नव्हता. असता तर कळला असता.
"मले कायले विचारता? तुमी दोघं ठरवा," म्हणाले. "मंग काय सांगायचं ते सांगा मले."
आणि काठी घेऊन विहाराकडं निघाले. सकाळचं कोणी तिथं नसतं.
टेम्पोवाला विचारत होता, लादू का? शेवटी त्याला चहा दिला. रिकामा गेला. दादाही त्याच्याच सोबत, जेवला नाही. रविवारी येतो म्हणाला.
दुपारी भोंगे पुसून पुन्हा खुंटीला लावले. लावावेत का तेही कळत नव्हतं, पण अंगणात किती वेळ ठेवणार.
बाबा जेवायच्या वेळेला आले. वर खुंटीकडं पाहिलं असेल. विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.