म्होरक्याची कंबर

समुद्रकाठचं कुरण, ९ सप्टेंबर

तू धाडलेला तो गुरांचा डॉक्टर आधी माघारी बोलाव. दारात पाऊल ठेवत नाही तोच विचारतो, आजी, रेनडियर किती आहेत? कळपाचा आकडा विचारणं म्हणजे गाठीला पैसा किती ते विचारणं; आपल्यात चोरसुद्धा असं तोंडावर विचारत नाही. कॉफी न देता वाटेला लावला.

चि. सुन्ना, अनेक आशीर्वाद. कळपाच्या पुढे चालणारा आपला म्होरक्या रेनडियर कंबरेतून डुलतोय. तुझा आंतेमामा म्हणतो, अळंबी जास्त खाल्ली, उतरेल. मला वाटतं मामानंच काही जास्त घेतलंय. म्होरक्या चालला नाही तर बर्फाआधी कळप डोंगरापलीकडे नेणार कोण? मामाच्या मागे कुत्रंही जात नाही. गवत मात्र यंदा रग्गड, आणि त्यात गोगलगायी इतक्या की बूट घसरतात.

लोभ आहे, तो डॉक्टरावर नाही.
बेरेतआजी

ट्रोम्सो, १४ सप्टेंबर

ती. आजीस सा. न.

अळंबी नव्हे, त्या गोगलगायीच. उन्हाळे उबदार नि ओले झाल्यापासून त्या माजल्यात. त्यांच्या अंगात जंताच्या अळ्या असतात. गवताबरोबर गोगलगाय पोटात गेली की जंत पाठीच्या कण्यात, मेंदूत पोचतो. म्होरक्याच्या पोचलाय, तो बरा होईलच असं नाही. बाकीच्यांना आत्ता औषध दिलं तर वाचतील. योव्ना डॉक्टरनं आकडा विचारला तो बाटल्या किती आणायच्या म्हणून. माझ्यासाठी तरी त्याला बोलाव.

तुझीच,
सुन्ना

डोंगरापलीकडून, ५ ऑक्टोबर

तुझ्यासाठी म्हणे. कळपासाठी बोलावला.

चि. सुन्ना, आशीर्वाद. गाडीत मावतील तेवढ्या बाटल्या आण, असं त्याला सांगितलं. सुया टोचताना त्याला सारखं आपलं योइक गाणं गायला लावलं, म्हणजे मनात मोजता येऊ नये. त्याचा आवाज असा भसाडा, की त्यातून लवकर सुटावं म्हणून जनावरं आपणहून सुईपुढे आली.

म्होरक्या उठायचा, जरा चालायचा, बसायचा. मामानं सुरी काढली. मी म्हटलं, "आधी माझे गुडघे बघ, मग त्याचे." म्होरक्याला ट्रेलरवर चढवला. मग कळप हलेना. शेवटी त्याच्या गळ्यातली घंटा माझ्या गळ्यात बांधली नि चालू लागले. त्या नालायकांनी माझं तोंडही पाहिलं नाही, सरळ मागे आले. म्होरक्या ट्रेलरमधून बघत होता, मी वाट चुकते की काय म्हणून.

पोचलो. पण पुढच्या वर्षी मला हे जमायचं नाही. म्होरक्या पुन्हा चालेल की नाही, ते त्या डॉक्टरानं लिहावं. तू लिहू नकोस. तू मला बरं वाटेल तेच लिहिशील.

बेरेतआजी