आज नववा दिवस

धाकट्या,

तू कपडे न्यायला मी कामावर असतानाच येशील, म्हणून लिहून ठेवतेय. व्हिसाचा नियम गेल्या महिन्यात बदललाय. घराबाहेर सलग दहा दिवस राहिलं की नवा पत्ता कळवावा लागतो, नाहीतर मुदतवाढ अडते. वकिलांना दोनदा विचारून खात्री केलीय. आज नववा दिवस आहे.

फॉर्म इथेच ठेवलाय. त्यात घर सोडण्याचं कारण विचारलंय. तिथे ‘बहीण ओल्या टॉवेलवरून बोलली’ असं लिही, सरकारशी खोटं नको.

नाहीतर आज झोपायला इकडे ये, म्हणजे दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजतात. मित्राकडे उद्या परत जा हवं तर.

टॉवेल कुठेही टाक.

– ताई