पान एकवीस

मंगळवार, १४ मार्च

दादा,

नमस्कार. मी मजेत आहे. तूही मजेतच असणार, तरी विचारायची पद्धत आहे म्हणून विचारतो, कसा आहेस?

आपल्या रेसच्या गाडीचा तू लिहिलेला इतिहास मिळाला. छापण्याआधी चुका काढ म्हणतोस. चाळीस पानं, आणि शर्यती आठ! त्यातल्या पाच अर्ध्यात सोडल्या, एकीत गाडी सुरूच झाली नाही. मोठ्या कंपन्यांची तीस-तीस माणसं, आपण पाच, त्यात एक स्वयंपाकी. 'झुंजार परंपरा' म्हणे! झुंज कुणाशी, तर स्टार्टरशी. मुखपृष्ठावर गाडी चिमूटभर, बाकी सगळा तू.

इथे मी जहाजांना रंग देतो. मुकादम थेट तुझ्यावर गेलाय, हात मागे बांधून अक्कल वाटतो. परवा शिडीवरून पडला, कुणी हसलंसुद्धा नाही, इतका नावडता. कुठे होतो मी?

हां, पान एकवीस. सहा तासांची शर्यत, आपण दुसरे, शेवटचा अर्धा तास, आणि मागचं डावं चाक निखळलं. तू लिहितोस, 'चालकाने गाडी कठड्याला घासल्यामुळे.' चालक म्हणजे आपले भावोजी. त्यानंतर त्यांना कुणी गाडीत बसवलं नाही. ताई रडली, तर तू म्हणालास, "वळण जमत नसेल तर बैलगाडी हाकावी." काय तो विनोद!

चाक बदललं की नट हवेच्या गनने आवळायचा, मग आवळल्याची खूण म्हणून त्यावर पिवळी रेघ ओढायची, हा तुझाच नियम. मी शहाण्याने सकाळीच सगळ्या नटांवर रेघा ओढून ठेवल्या, ऐनवेळी घाई नको म्हणून. शेवटच्या थांब्याला नट हाताने बसवला, गन उचलतोय तोच तू ओरडलास, "रेघ आहे ना रे?"

"आहे."

"मग सोड!"

गाडी गेली.

नट सापडला तेव्हा त्याचे आटे कोरे करकरीत होते; आवळलेला नट धक्क्याने निघाला असता तर ते सोलले असते. तू तो बघितलास, माझ्याकडे बघितलंस आणि खिशात टाकलास. पंधरवड्यात मी घर सोडलं. फिरायची हौस, असं सगळ्यांना सांगितलं. तूही मान डोलावलीस.

तर चूक काढली. तू पान बदलशील ही आशा नाही, म्हणून इथवरचं पत्र अक्षरन् अक्षर उतरवून कालच भावोजींना टाकलं. तुझं आज टाकतोय.

कालपर्यंत तुझ्याइतकाच भित्रा,
धाकटा