धक्क्यावरची चौकशीची खिडकी

प्रिय चिमणे,

परवा तू फोनवर चिडून विचारलंस, "आई, चार दिवसांच्या सहलीला म्हणून गेलीस आणि वर्ष होत आलं! त्या तळ्याकाठच्या गावात आहे तरी काय एवढं?" मी गॅसवर दूध असल्याचं सांगून फोन ठेवला. दूधबिध काही नव्हतं गं. नीट सांगायचं होतं, आणि फोनवर तू मला एक वाक्य धड पुरं करू देत नाहीस.

तर ऐक. गाव एवढंसंच आहे. स्टेशनातून निघालेला रस्ता उतरत उतरत आता पाण्यातच जाणार असं वाटतं, तेवढ्यात धक्का आडवा येतो. म्हणायला तळं, पण पलीकडचा काठ नुसती निळी रेघ. समोर दगडी बांध, त्याच्या टोकाला एक बुटकं दीपगृह. पाहुणे हौसेने तिथे फोटो काढायला जातात आणि वारा त्यांच्या टोप्या पळवतो. जुन्या होड्यांचं संग्रहालय आहे. तिथल्या एका होडीत बसून वल्ही मारायला परवानगी आहे, आणि मुलांपेक्षा त्यांचे बापच आधी रांग लावतात. टेकडीवर तारेवरून पाळणा जातो. खुर्चीवर चढून जळमटं काढतानाही जिला गरगरतं, ती तुझी आई त्या पाळण्यात बसली बरं का! जाताना डोळे गच्च मिटून, येताना टक्क उघडे ठेवून.

सहलीला बरोबर आलेल्या मैत्रिणी परत निघाल्या त्या सकाळी मी धक्क्यावर चौकशीच्या खिडकीपाशी उभी होते. आतली मुलगी बाळंतपणाच्या रजेवर जाणार होती आणि तिच्या जागी कुणी मिळत नव्हतं. तिच्यासमोर ही गर्दी! मी सहज दोघातिघांना वाटा सांगितल्या. माझ्या जिभेला हाड नाही हे तुला ठाऊकच आहे. दुपारपर्यंत मी खिडकीच्या आत होते. आता लोक मला विचारतात, या तळ्याला भरती कधी येते? बेटावरचे पक्षी किती वाजता उठतात? मी हसू दाबून उत्तरं देते. राहायला शिडं शिवणाऱ्या बाईंच्या दुकानावरची खोली आहे. खाली दिवसभर त्यांचं मशीन धडधडतं, पण त्या आवाजात मला झोप छान लागते.

बेटावर जाणारी लाँच एक सारंग चालवतात. बोलण्याच्या बाबतीत महाकंजूष. प्रवाशांनी काहीही विचारलं की माझ्या खिडकीकडे बोट दाखवून म्हणणार, "बाईंना विचारा." दुपारच्या फेरीनंतर ते डबा घेऊन खिडकीशी येतात. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही, स्वयंपाक स्वतःच करतात आणि मीठ हमखास विसरतात. मी माझी भाजी पुढे सरकवते. चांगली झाली असं कधी म्हणत नाहीत, पण माझा डबा मात्र लख्ख घासून परत येतो.

चिमणे, बाबा गेल्यावर तू मला तुझ्याकडे नेलंस, तळहातावरच्या फोडासारखं जपलंस. जावईबापूंनीही काही कमी केलं नाही. पण भाजी चिरायला घेतली की तू सुरी काढून घ्यायचीस, "आई, तू बस." मी बसून बसून अगदी पाहुणी होऊन गेले गं. तुमच्या प्रेमात खोट नव्हती. मलाच कुणाच्या तरी उपयोगी पडावंसं वाटत होतं.

गेल्या महिन्यात भरदुपारी तळ्यावर धुकं उतरलं. लाँच बेटावरून निघालेली, आणि बांधसुद्धा दिसेना. ज्यांची माणसं लाँचवर होती ते सगळे माझ्या खिडकीभोवती गोळा झाले. मी "येतील हो, येतील" म्हणत पाणी देत होते, पण मीच सारखी खिडकीतून मान बाहेर काढून पाण्याकडे बघत होते. दीपगृहाचा भोंगा वाजत राहिला. कितीतरी वेळाने अगदी जवळून इंजिनाची धकधक ऐकू आली. माणसं उतरली, एकमेकांच्या गळ्यात पडली. सारंग शेवटी उतरले. "घाबरलात?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "पाहुण्यांची काळजी वाटणारच ना!" तर म्हणतात, "आणि सारंगाची?" मला रडूच कोसळलं. भर धक्क्यावर, सगळ्यांदेखत! त्यांनी माझी खिडकी बंद केली, कुलूप लावलं आणि मला घरापर्यंत सोडलं.

तर आता तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर. आम्ही लग्न करायचं ठरवलंय. तारीख अजून काढली नाही, कारण ते म्हणतात, "आधी लेकीला कळू दे. ती आल्याशिवाय काही करायचं नाही." तुला धक्का बसेल, राग येईल, लोक काय म्हणतील असंही मनात येईल. भांड माझ्याशी, पण इथे येऊन भांड. त्यांचं घर काल पहिल्यांदा पाहिलं. दोन खोल्या, ताजा चुना दिलेला, भिंती अगदी कोऱ्या. पाण्याकडच्या भिंतीवर, जिथे सकाळचं ऊन येतं, तिथे तेवढा एक नवा खिळा ठोकलेला. मी विचारलं, हा कशाला? तर म्हणाले, "तुमच्या ह्यांच्या फोटोला."

तुझीच,
आई